तांदूळ निवडणं आणि माणूस निवडणं: बारामती-इंदापुरात कॅल्व्हिन वाचताना

गेल्या पावसाळ्यात इंदापूर तालुक्यातल्या एका गावात मी मौखिक इतिहास गोळा करत होते. प्रार्थनासभा संपली, चहा झाला, लोक पांगले. एक मावशी मागे थांबल्या. त्यांचा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी सोलापूर रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. बाप्तिस्म्याची तारीख ठरली होती, त्याच्या आधीच गेला. मावशींनी कुणाचं तरी प्रवचन मोबाईलवर ऐकलं होतं. त्यात सांगितलं होतं की देवाने जगाच्या उत्पत्तीआधीच कोण तरणार ते ठरवलंय, आणि जे बाहेर राहिले ते निवडलेलेच नव्हते. मावशींनी मला सरळ विचारलं, "तू एवढं शिकतीस, तर सांग. माझा भाऊ निवडलेला नव्हता का?"

मी म्हटलं, "मावशी, मी फक्त अभ्यास करते."

संशोधन करणाऱ्या माणसाचं हे नेहमीचं उत्तर. चुकीचं नाही, पण त्या दिवशी ते तोंडातून निघालं आणि मला स्वतःचीच लाज वाटली. पीएचडीच्या तयारीत असलेल्या तुमच्यापैकी काहींनी विचारलं होतं की धर्मशास्त्रातला एखादा सिद्धान्त संशोधनाचा विषय म्हणून कसा हाताळायचा, त्याची समीक्षा कशी करायची. मावशींचा प्रश्न समोर ठेवून तेच करून बघते. सिद्धान्त जॉन कॅल्व्हिनचा आहे, निवडीचा. ठिकाण आपलंच आहे.

आधी पुस्तक. कॅल्व्हिनवर लिहिणारे बरेच विद्यार्थी त्याला पाच मुद्द्यांच्या यादीत वाचतात: माणसाची पूर्ण भ्रष्टता, बिनशर्त निवड, मर्यादित प्रायश्चित्त, न टाळता येणारी कृपा, संतांची चिकाटी. ही यादी कॅल्व्हिनची नाही. तिचा मूळ आराखडा १६१८-१९ च्या डॉर्टच्या धर्मसभेतला. कॅल्व्हिन १५६४ मध्येच वारला होता. म्हणजे तुम्ही ज्याला कॅल्व्हिन समजून उद्धृत करता, तो अर्ध्या शतकानंतरच्या एका भांडणातला निकाल असतो. निकालपत्र वाचून फिर्यादीचा स्वभाव कळत नाही.

मूळ ग्रंथ म्हणजे 'इन्स्टिट्यूट्स'. पहिली आवृत्ती १५३६ ची, लहानशी. शेवटची लॅटिन आवृत्ती १५५९ ची, चार भागांची, जाडजूड. एखाद्या ग्रंथाच्या आवृत्त्यांमध्ये काय कुठून कुठे हलवलं, हे बघणं हा संशोधनातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फायद्याचा उद्योग आहे. १५५९ मध्ये देवाचं जगावरचं नियंत्रण पहिल्या भागात येतं. निवडीचा सिद्धान्त मात्र तिथे नाही. तो येतो तिसऱ्या भागात, एकविसाव्या ते चोविसाव्या प्रकरणांत. त्याच्या अगदी आधीचं विसावं प्रकरण प्रार्थनेवर आहे आणि ते फार मोठं आहे. म्हणजे माणूस विश्वास ठेवतो, पश्चात्ताप करतो, प्रार्थना करतो, आणि मग मागे वळून विचारतो की मी इथवर आलो कसा? त्याचं उत्तर म्हणून निवड येते. ती आत यायच्या दारावर लावलेली पाटी नाही. आत आलेल्या माणसाला मागे वळल्यावर दिसलेली गोष्ट आहे.

हे कुणासाठी लिहिलं होतं? कॅल्व्हिन स्वतः फ्रान्समधून पळालेला. १५३८ मध्ये जिनिव्हाने त्याला हाकललं, १५४१ मध्ये परत बोलावलं. त्याच्यासमोर बसणाऱ्यांत घरदार सोडून आलेले फ्रेंच निर्वासित मोठ्या संख्येने होते. ज्याचा राजा त्याला जाळायला निघालाय, त्याला "तुझं तारण राजाच्या हातात नाही, तुझ्या स्वतःच्या धीरावरही नाही" हे सांगणं म्हणजे आधार. छतावरची फरशी कुठे आहे ते सांगण्याआधी पायाखालची जमीन दाखवणं.

पण इथे थांबून कॅल्व्हिनला धुऊन पुसून स्वच्छ करू नका. तो स्पष्ट लिहितो की देवाने काहींना जीवनासाठी नेमलं आणि काहींना नाशासाठी. हा ठराव भयंकर आहे हे तो स्वतः कबूल करतो, आणि तरीही मागे घेत नाही. आणि १५५३ मध्ये मिगेल सर्व्हेटसला जिनिव्हात जाळलं, त्यात कॅल्व्हिनचा हात होता. निर्वासितांचा पाळक दुसऱ्या निर्वासिताला जाळायला संमती देतो, हे वाचल्यावर काही काळ पुस्तक बंद करून ठेवावंसं वाटतं. मी ठेवलं होतं.

आता शब्द. या भागात काम करताना मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका क्रियापदाने. 'निवडणे'.

मावशींच्या घरी दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा त्यांची सासू परातीत तांदूळ निवडत होती. मराठीत तांदूळ निवडणं म्हणजे काय? चांगला दाणा उचलून घेणं नव्हे. खडा उचलून फेकणं. बोटं वाईटावर फिरतात, चांगलं आपोआप परातीत उरतं. भाजी निवडतानाही तसंच, पिवळं पान आधी जातं. ज्याला हे क्रियापद स्वयंपाकघरातून मिळालंय, त्याला "देवाने निवडलं" म्हटलं की कानाला आधी काय ऐकू येतं? कुणाला तरी फेकलं. कॅल्व्हिनचे टीकाकार जी गोष्ट चारशे वर्षं सांगतायत, की निवडीच्या पोटात नाकारणं असतंच, ती मराठी बाईच्या बोटांना आधीच ठाऊक आहे.

दुसरीकडे आपल्याकडचं 'निवडून येणं'. बारामतीत हा शब्द उच्चारल्यावर धर्मशास्त्र कुणाच्या डोक्यात येतं, सांगा बरं! निवडून येणाऱ्याने काहीतरी केलेलं असतं. कामं केली, माणसं जोडली, लग्नाकार्याला हजेरी लावली. 'बिनशर्त निवड' हे या अर्थाच्या नेमकं उलट आहे. एका तरुण पाळकांनी मला हसत सांगितलं की निवडीवर बोलायचं तर आधी दहा मिनिटं मतदान डोक्यातून काढावं लागतं.

आणि तिसरं, 'नेमून ठेवणं'. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात मराठी शास्त्रात हाच शब्दप्रयोग भेटतो. तो ऐकला की सटवाई आठवते. बाळाच्या पाचवीला येऊन ती कपाळावर लिहून जाते, ते पुसता येत नाही. घरात तीन पिढ्या ख्रिस्ती असल्या तरी कपाळावरचं लिहिणं बोलण्यातून जात नाही. मावशी भावाबद्दल बोलताना एकदा "निवडलेला" म्हणाल्या आणि लगेच पुढच्या वाक्यात "त्याच्या कपाळात तेवढंच होतं" म्हणाल्या. त्यांच्या लेखी दोन्हींत फरक नव्हता. फरक मात्र मोठा आहे. सटवाईला कुणी बाप म्हणत नाही. तिच्याशी भांडता येत नाही, तिला विनवताही येत नाही. कॅल्व्हिनने निवडीच्या आधी प्रार्थनेचं प्रकरण घातलं, ते ज्याला विनवता येतं अशा कुणाला तरी गृहीत धरूनच.

भाषांतराची ही अडचण मला नव्याने सापडली असं नाही. बारामतीच्या शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीकमधून सबंध पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. प्रचलित भाषांतरातल्या संस्कृत, हिंदू धर्मकल्पनांनी भारलेल्या शब्दांना त्यांचा विरोध होता. गावातल्या बाईला समजेल आणि जुन्या कल्पना मागच्या दाराने आत येणार नाहीत, अशी मराठी त्यांना हवी होती. माझ्या मते हा आग्रह योग्य होता आणि तरीही पुरा होण्यासारखा नव्हता. शब्द धुता येतो, पण ऐकणाऱ्याचा कान कुठे धुणार? तुमच्यापैकी कुणाला विषय हवा असेल तर निवडीचे सगळे शब्द त्या भाषांतरात आणि इतर मराठी भाषांतरांत शेजारी शेजारी मांडून बघा. एक शोधनिबंध तिथेच आहे.

इतिहासाबद्दल एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. माझ्या पहिल्या प्रस्तावात मी लिहिलं होतं, "बारामती परिसरातील कॅल्व्हिनवादी परंपरेचा अभ्यास". मार्गदर्शकांनी विचारलं, कोणती परंपरा? मी गडबडले. महाराष्ट्रात कॅल्व्हिनच्या घराण्यातली मिशनं आली हे खरं. १८१३ मध्ये मुंबईत अमेरिकन मराठी मिशन, पुढे १८३१ पासून अहमदनगर. १८२३ पासून कोकणात स्कॉटिश मिशनरी, मग मुंबईत जॉन विल्सन. १८५२ मध्ये कोल्हापुरात रॉयल वाइल्डर. या मंडळ्यांचा मोठा भाग पुढे १९७० मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात मिसळला. पण बारामतीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काम सुरू केलं ते ऑस्ट्रेलियातल्या 'चर्चेस ऑफ क्राइस्ट'ने. आणि हे घराणं कॅल्व्हिनवर रुसून बाहेर पडलेलं. त्यांचा एक मूळ पुरुष थॉमस कॅम्बेल हा उत्तर आयर्लंडमधला प्रेस्बिटेरियन पाळक, १८०७ मध्ये अमेरिकेत गेला. माणसांनी रचलेले विश्वासांगीकार हे सहभागितेची अट असू नयेत, अशी भूमिका त्याने १८०९ मध्ये मांडली. त्याचा मुलगा अलेक्झांडर याने ती पुढे नेली. शुभवर्तमान ऐकावं, विश्वास ठेवावा, पश्चात्ताप करावा, पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्यावा. ऐकणाऱ्याला हे करता येतं, त्यासाठी आधीच्या गुप्त ठरावाची वाट बघायची नाही.

म्हणजे बारामतीत कॅल्व्हिन आला तो बंड केलेल्या नातवाच्या रूपात. त्याचं नाव जुन्या वह्यांत शोधून हाती काही लागणार नाही. प्रश्न मात्र जागोजागी आहे. आता तो मोबाईलवरून, हिंदी-इंग्रजी प्रवचनांतून परत आलाय, आणि ज्या मंडळ्यांनी शंभर वर्षं "तू ठरव" असं शिकवलं त्यांच्याच नातवंडांना "ते आधीच ठरलंय" असं ऐकवतोय.

वेबरबद्दल दोन वाक्यं, कारण प्रत्येक प्रस्तावात तो असतोच. मॅक्स वेबरचा १९०४-०५ चा निबंध वाचा, पण "कॅल्व्हिनमुळे भांडवलशाही" एवढं म्हणून बारामतीच्या साखरेला चिकटवू नका. बारामती-इंदापूरच्या बागायतीचा हिशेब नीरा डाव्या कालव्यात, उसात आणि सहकारात आहे, जिनिव्हात नाही. वेबरलाही कॅल्व्हिनपेक्षा त्याच्या नंतरच्या विश्वासणाऱ्यांची धास्ती महत्त्वाची वाटत होती: मी निवडलेला आहे याची खूण काय? या धास्तीचा माग घ्यायचा तर कालवा उपयोगी पडतो. आमच्याकडे वरच्या अंगाला पाणी पोहोचतं, टेलला पोहोचेलच असं नाही, आणि काही गावं लाभक्षेत्राच्या बाहेरच राहिली. पाणी मिळालेला माणूस फार लवकर "आम्ही कष्ट केले" म्हणायला लागतो. पाटाच्या वरच्या अंगाला जमीन असणं ही कुणाची कमाई नव्हे, हे त्याला आठवत नाही. बिनशर्त कृपेचा सिद्धान्त खरं तर याच विसराळूपणावर बोट ठेवतो. पण तोच सिद्धान्त वरच्या अंगाच्या माणसाच्या तोंडी गेला की त्याचं "आम्हालाच मिळायचं होतं" होतं.

इथून माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. हा सिद्धान्त कोण कुणाविषयी बोलतंय, यावर त्याचा अर्थ फिरतो. स्वतःविषयी, उपकाराच्या भावनेने बोलला तर तो आधार आहे. दुसऱ्याविषयी, त्याच्या गैरहजेरीत बोलला तर तो शिक्का आहे.

शिक्क्याचं उदाहरण याच मातीतलं आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांना जन्माने गुन्हेगार ठरवलं. १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी, बारामती अशा ठिकाणी त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. हजेरी, पास, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. लोक अजून 'सेटलमेंट' म्हणतात. मुंबई इलाख्यातल्या काही वसाहती सरकारने मिशनांच्या हाती दिल्या. सोलापूरची अमेरिकन मराठी मिशनकडे होती. मिशनऱ्यांनी तिथे शाळा काढल्या, कामं शिकवली, हे नाकारता येत नाही. पण धर्मशास्त्राच्या अंगाने एक प्रश्न विचारायला हवा. कॅल्व्हिनच्या परंपरेत पापाचा सिद्धान्त सगळ्यांना लागू आहे. 'पूर्ण भ्रष्टता' म्हणजे प्रत्येक जण जितका वाईट होऊ शकतो तितका वाईट, असं नव्हे. माणसाचा कुठलाही भाग, बुद्धीसुद्धा, धर्मसुद्धा, पापाच्या स्पर्शाविना उरलेला नाही, एवढाच तिचा अर्थ. म्हणजे हजेरी घेणारा अधिकारी आणि हजेरी देणारा पारधी किंवा कैकाडी, देवासमोर एकाच रांगेत. या सिद्धान्ताला इमान राखलं असतं तर "जन्मजात गुन्हेगार" हे शब्द कुठल्याही कॅल्व्हिनवादी माणसाच्या घशात अडकायला हवे होते. कारण जन्मजात तर सगळेच आहेत, मग रजिस्टर एकाच जमातीचं का? १९५२ मध्ये कायदा गेला. शिक्का पोलीस चौकीतल्या बोलण्यात अजून राहिलाय.

दक्षिण आफ्रिकेत हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चने १८५७ मध्ये काही जणांच्या "दुर्बलते"ला सवलत म्हणून वेगळ्या उपासनेला परवानगी दिली. सवलतीचा नियम झाला, नियमाचं धर्मशास्त्र झालं. आणि त्याच कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या कृष्णवर्णीय आणि मिश्रवर्णीय मंडळ्यांनी, अ‍ॅलन बुसाक यांच्यासारख्या पाळकांनी, वंशभेदाला पाखंड म्हटलं. १९८२ मध्ये ओटावाला जागतिक रिफॉर्म्ड आघाडीने तेच जाहीर केलं, आणि त्याच वर्षी बेल्हारचा विश्वासांगीकार लिहिला गेला. दोन्ही बाजूंच्या हातात कॅल्व्हिनच होता. म्हणून कुणी "कॅल्व्हिनवादाचा समाजावर परिणाम" असा विषय घेतला की मी विचारते, कुणाच्या हातातल्या?

माझ्या या कसोटीवर एक आक्षेप आहे आणि तो मला पूर्ण परतवता येत नाही. सिद्धान्त कोण बोलतं ते बघा म्हणणं ठीक, पण सिद्धान्त खरा आहे की खोटा? मावशींनी बोलणाऱ्याचं सामाजिक स्थान विचारलं नव्हतं. भावाचं काय झालं ते विचारलं होतं. समाजशास्त्राच्या आडोशाला उभं राहून मी पुन्हा "मी फक्त अभ्यास करते" हेच तर म्हणत नाही ना?

या ठिकाणी मला कार्ल बार्थची मदत झाली. रिफॉर्म्ड परंपरेतलाच, बाझलचा. १९४२ मध्ये त्याने निवडीचा सिद्धान्त उलटा करून बांधला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ख्रिस्ताच्या पाठीमागे कुठेतरी लपलेला एखादा ठराव शोधू नका. निवडलेला माणूस ख्रिस्त, आणि नाकारला गेलेला माणूसही ख्रिस्तच. खड्यासारखा फेकला गेला तो तोच. तेव्हा दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवून "हा नाकारलेला" म्हणायची जागाच उरत नाही. कॅल्व्हिनला हे मान्य झालं नसतं. काहींना वाटतं की बार्थने प्रश्न सोडवला नाही, विरघळवला. मला ते अर्धं पटतं. पण परातीतल्या तांदळासमोर बसून वाचताना त्याचं म्हणणं मला नेमकं कळलं, हेही खरं.

आणि एक गोष्ट पुस्तकांबाहेरची. बारामतीत कऱ्हेकाठी मोरोपंत राहिले, १७९४ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या 'केकावली'त भक्त देवाला आळवतो, अडवतो, माझी लायकी नाही म्हणूनच तू मला तारलं पाहिजेस असा हट्ट धरतो. त्यांनी जिनिव्हाचं नावही ऐकलं असण्याचं कारण नाही. पण लायकीविना मिळणारी कृपा ही या गावाला मिशनऱ्यांनी आणून दिलेली नवी वस्तू नव्हती. नवी होती ती यादी. कोण आत, कोण बाहेर. मराठी ख्रिस्ती माणसाने कॅल्व्हिन वाचताना कृपा मनापासून घ्यावी आणि यादीकडे संशयाने बघावं, असं माझं मत आहे. मार्गदर्शकांना ते फारसं 'शास्त्रीय' वाटलेलं नाही.

मावशींकडे तिसऱ्यांदा गेले तेव्हा मी हे सगळं सांगितलं नाही. प्रार्थनेचं प्रकरण आधी येतं, एवढंच सांगितलं. आणि म्हटलं, ज्याने तो ठराव लिहिला तोही त्याला भ्यायला होता. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "मंग रविवारी त्याचं नाव घ्यायला काय हरकत हाय?"

हरकत होती. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची नाही, ही प्रॉटेस्टंट मंडळ्यांची जुनी रीत, त्यात कॅल्व्हिनवादी आणि कॅम्बेलवाले एकमत. पाळकांनी थोडा विचार केला. रविवारी त्यांनी मध्यस्थीच्या प्रार्थनेत नाही, आभाराच्या प्रार्थनेत त्याचं नाव घेतलं. "त्याच्या आयुष्याबद्दल," एवढंच म्हणाले, आणि पुढे पावसासाठी प्रार्थना सुरू केली.